कोजागिरीच्या आत कामट्या आणा!

दर जिन्यात हाताने बांधलेला एक आकाशकंदील: सर्वांना तातडीचं आवाहन



काल आपट्याची पानं वाटून झाली. चार दिवसांनी कोजागिरी, आणि तिथून बाराव्या दिवशी वसुबारस. तिथीचा एखादा दिवस इकडेतिकडे धरला, तरी पहिला दिवा लागायला जेमतेम सोळा दिवस उरले आहेत. तेवढ्यात एक काम कराच, अशी विनंती करायला हे पत्रक काढलं आहे. तुमच्या इमारतीच्या दर जिन्यात, चाळीच्या दर मजल्यावर, वस्तीच्या दर गल्लीत या दिवाळीला एक तरी आकाशकंदील विकत न आणता बांधा. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, दोरा आणि घरची खळ, एवढंच सामान.

दर घरात एक कंदील, असं मुद्दामच म्हटलेलं नाही. घरोघरी वेळ नसतो, जागा नसते, आणि भाषणात सांगितलेली मोठी गोष्ट कोणीच करत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. जिन्याला एक मात्र सहज जमतो. एका जिन्यात आठ-दहा बिऱ्हाडं असतात. त्यातल्या एखाद्या आजोबांना सांगाडा बांधता येतो, कोणाकडे चांगली सुरी असते, कोणाच्या डब्यात मैदा असतो. मुलं तर सगळ्याच मजल्यांवर असतात आणि सुट्टीत ती काय करतात, हे त्यांच्या आयांना विचारा.

घाई कशाची, असं कोणी म्हणेल. दोन गोष्टींची आहे.

पहिली घाई माणसांची. लहानपणी स्वतःच्या हाताने कंदील बांधलेली माणसं आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. गिरगाव-लालबागच्या चाळी, पुण्याच्या पेठांमधले वाडे, कोकणातल्या पडव्या, सगळीकडे रीत एकच होती. सहामाहीचा शेवटचा पेपर टाकला, की मुलं कामट्या तासायला बसायची. शिकवणी कोणी लावली नव्हती. थोरला बांधायचा, धाकटा दोरा ताणून धरायचा, आणि दोन वर्षांनी थोरला कॉलेजात गेला की धाकटा बांधायला बसायचा. ही साखळी आपल्या डोळ्यांदेखत तुटली आहे. बाजारात कंदील हवे तेवढे आहेत. दोरा धरणारा धाकटा मात्र दिसत नाही. कामटी कुठवर वाकते आणि कुठे मोडते, गाठ किती आवळली की चांदणी तिरकी होते, हे व्हिडिओ बघून अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं शेजारी बसून, हातातली कामटी मोडूनच कळतं. शेजारी बसवून घेणारी माणसं आज तुमच्या जिन्यात आहेत. पुढच्या दिवाळीला ती गावी असतील, मुलीकडे परदेशात असतील, किंवा नसतीलही. हे स्पष्ट बोलणं कटू वाटलं तर क्षमा करा, पण उगाच लपवण्यात अर्थ नाही.

दुसरी घाई मालाची. कामट्या झाडाला लागत नाहीत. अख्खा बांबू आणायचा, तो उभा चिरायचा, पेरांवरच्या गाठी तासायच्या, मग सारख्या जाडीच्या पट्ट्या काढायच्या, हे बुरुडाचं कसब आहे. सुपं, रोवळ्या, टोपल्या, परड्या या वस्तू प्लास्टिकने घराबाहेर काढल्या तेव्हापासून हा धंदा आक्रसत गेला. पुण्यात बुरुड आळी अजून आहे, बहुतेक जुन्या गावांत बुरुडांची चार घरं तरी आहेतच. पण कंदिलाच्या कामट्या ते मागणी आली तरच काढतात, आणि मागणीशिवाय का काढाव्यात? दिवाळी दोन दिवसांवर आल्यावर पंधरा कामट्या मागायला गेलात, तर समोरचा माणूस सणाच्या गडबडीत असतो. म्हणून कोजागिरीच्या आत जा. चार जिन्यांची मिळून एकच मागणी नोंदवा, आगाऊ पैसे द्या आणि घासाघीस करू नका. कामट्या स्वस्त मिळाव्यात, अशी मागणी या पत्रकात कुठेही नाही.

बांबूचा तुटवडा आहे असंही नाही. सिंधुदुर्गात माणगा जातीचा भरीव बांबू शेताच्या बांधांवर पिढ्यान् पिढ्या आहे. चंद्रपूर-गडचिरोलीची जंगलं बांबूची म्हणूनच ओळखली जातात. २०१७ साली भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला आणि वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तोडून विकण्याची वाट मोकळी झाली. मेळघाटात लवादा इथे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला, कोकणात कुडाळला बांबूकामाची केंद्रं उभी आहेत. बांबू आहे, कारागीर आहेत, शिकवायची सोयही आहे. कमी पडतं ते शहरातलं गिऱ्हाईक. ती जागा आपली आहे.

आता तयार कंदिलाबद्दल. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्याच वर्षी गणपतीच्या मखरांसाठी सूट मागायला थर्माकोलवाले उच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयानेही ती नाकारली. पुढे १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. मखरातला थर्माकोल बराचसा गेला. कंदिलात मात्र त्याच्या जागी प्लास्टिकच्या शीट, लॅमिनेशन केलेला चकचकीत पुठ्ठा आणि कागदावर चिकटवलेली चमकी आली. यातलं काहीही धड रद्दीत जात नाही की खतात जात नाही. तुळशीचं लग्न झालं की ते कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं असतं आणि पुढच्या वर्षी त्याच पैशांत नवं येतं. बांबूचा सांगाडा माळ्यावर कोरडा ठेवला, तर वर्षानुवर्षं टिकतो. दरसाल बदलायचा तो फक्त कागद. कामट्यांमधून बारीक पीठ गळताना दिसलं, तर भुंगा लागला समजा आणि तेवढी कामटी बदला.

परंपरेचा मोठा दाखला देण्याचा मोह टाळतो. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा लावण्याची चाल जुनी आहे, आणि आपण वसुबारसेला टांगलेला कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतो तो त्याच चालीला धरून, एवढं सांगितलं तरी पुरे. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बांबूची चांदणी एकट्या दिवाळीची नाही. वसईत आणि गोव्यात तीच चांदणी डिसेंबरात नाताळचा तारा होऊन घरांवर लागते. शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल, तर त्रिपुरी पौर्णिमेनंतर सांगाडा त्यांच्याकडे द्या, ते आपला कागद लावतील. गोव्याकडून आणखी एक शिकावं. तिथे गावोगाव आकाशकंदिलांच्या स्पर्धा होतात, मंडळी आठवडेच्या आठवडे खपतात, आणि कडधान्यांपासून करवंट्यांपर्यंत हाताशी असेल त्याचा कंदील करतात. जिथे बघायला आणि वाखाणायला माणसं जमतात, तिथे कला आपोआप टिकते.

कसा बांधायचा

पहिल्या वर्षी चांदणीच घ्या. चौकोनांचा पारंपरिक कंदील देखणा खरा, पण त्याचे कोन जुळवताना नवशिक्याची दमछाक होते.

दीड फुटाच्या, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या दहा कामट्या आणि १० सेंटिमीटरच्या पाच आखूड कामट्या लागतात. जाडी सगळ्यांची सारखी हवी, नाहीतर एक बाजू वाकते आणि दुसरी ताठ राहते. आधी काचकागदाने कडा घासा. बांबूची कूस बोटात गेली की मुलगा उठतो तो परत बसत नाही.

पाच लांब कामट्या जमिनीवर अशा मांडा, की हात न उचलता कागदावर काढतो तशी चांदणी होईल. एक कामटी वरून, पुढची खालून, अशी गुंफत न्या. पाचही टोकं पातळ दोऱ्याने फुलीची गाठ मारून बांधा. सुतळी नको, ती जाड होते आणि कागद तिथे फुगतो. आता आत कामट्या एकमेकींना जिथे छेदतात, त्या जागा पाहा. प्रत्येक टोकापासून त्या सुमारे १७ सेंटिमीटरवर यायला हव्यात आणि मधल्या पंचकोनाची बाजू ११ सेंटिमीटरच्या आसपास. एखादी जागा पुढेमागे असेल, तर आत्ताच सरकवा, मग त्या पाच जागाही बांधा. अशीच दुसरी चांदणी करा.

दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. आखूड कामट्यांच्या दोन्ही टोकांना सुरीने बेचकीसारखी खाच पाडा. मग दोन चांदण्यांच्या मध्ये, आतल्या पाच छेदांवर, या आखूड कामट्या एकेक करून उभ्या बसवा. पहिली सहज बसते. तिसरीपाशी कामट्या करकरू लागतात आणि मुलं ओरडतात, “मोडेल!” इथेच आजोबांची गरज लागते. अंगठ्याने कामटी हलके वाकवत, श्वास रोखून चौथी बसते, आणि पाचवी बसली की सपाट चांदणी फुगून उभी राहते. खाचांवर दोऱ्याचा एक वेढा आणि गोंदाचा एक थेंब, की सांगाडा तयार.

खळीसाठी दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. पारदर्शक होऊन चमच्याला धरू लागली की उतरवा. पूर्वी टिकण्यासाठी खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या हातात देऊ नका. खळ दोन दिवस पुरली तरी आपलं काम भागतं.

कागदाचे तुकडे एकूण बावीस: पुढे आणि मागे मिळून दोन पंचकोन, टोकांचे दहा त्रिकोण आणि कडेचे दहा त्रिकोण. टोकाच्या त्रिकोणाचा पाया ११ आणि कडेच्याचा १० सेंटिमीटर, बाकीच्या दोन बाजू १७. चहूबाजूंनी एकेक सेंटिमीटर जास्त कापा; तो भाग कामटीवरून वळवून चिकटवायचा असतो. रंग ठरवताना मुलांना भांडू द्या, फक्त दिवा गडद कागदातून कमी दिसतो हे आधी सांगा. पंचकोन पिवळा किंवा पांढरा ठेवला, तर उजेड चांगला पडतो. वरच्या बाजूचा एक कडेचा त्रिकोण एकाच बाजूने चिकटवा. दिवा आत सोडायला तेच दार. शेवटी टोकांना कागदाच्या करंज्या आणि खालच्या दोन टोकांना शेपट्या लावा.

दिवा एलईडीचाच, ३ ते ५ वॅटचा. जुन्या पिवळ्या दिव्याने कागद करपायचा, प्रसंगी पेटायचाही. होल्डर आणि वायर चांगल्या प्रतीची घ्या, दिवा कुठेही कागदाला टेकणार नाही असा मधोमध सोडा आणि वायरचा जोड उघड्यावर ठेवू नका. कंदील वायरवर कधीच टांगू नये. त्याला स्वतंत्र दोरी हवी.

हरकती आणि उत्तरं

“वेळ नाही.” दोन संध्याकाळी पुरतात. पहिल्या दिवशी सांगाडा, दुसऱ्या दिवशी कागद. कोजागिरीला नाहीतरी गच्चीवर दूध आटवायला सगळे जमणार आहात. दूध आटेपर्यंत कामट्या घासून होतात.

“परतीच्या पावसात भिजला तर?” भिजेल. शिल्लक कागद ठेवा आणि फाटलेला त्रिकोण बदला. बदलता येतो, हाच तर या कंदिलाचा मोठा गुण आहे. प्लास्टिकचा एकदा तडकला की तडकला.

“तयार कंदिलाइतका सफाईदार होत नाही.” नाही होणार. पहिल्या वर्षी एक टोक थोडं झुकलेलं असणार, कुठेतरी खळीचा डाग दिसणार. त्या डागाकडे बोट दाखवून “हा मी लावला” असं सांगणारं पोर जिन्यात असणार, आणि तयार कंदिलाकडे बोट दाखवून असं कोणीच म्हणत नाही.

“कामट्या मिळतच नाहीत.” बेळगावात, इंदूरमध्ये, बडोद्यात बांबूचं काम करणारे शोधले तर सापडतात. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असाल, तर बागकामाच्या दुकानात रोपांना आधार द्यायच्या बारीक बांबूच्या काठ्या मिळतात, त्या चिरून बघा. तेही जमलं नाही, तर जाड कागदाच्या घड्यांचा कंदील करा. महाराष्ट्र मंडळात मुलांना बसवून केलेला तो कंदील कुठल्याही पार्सलपेक्षा बरा.

कोणी काय करावं

सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी या वर्षी फाटकावर दहा फुटी तयार कंदील लावण्याऐवजी ती रक्कम कामट्या, कागद आणि दिव्यांसाठी द्यावी. पार्किंगचा एक कोपरा दोन संध्याकाळी मोकळा करून तिथे सतरंजी आणि उजेडाची सोय करावी. “कचरा होतो” म्हणून मुलांना हाकलू नये. झाडू मुलांच्याच हाती द्यावा.

शाळांनी कार्यानुभवाचा एक तास सुट्टीपूर्वी कंदिलासाठी राखावा आणि शाळेतच, शिक्षकांसमोर सांगाडा बांधून घ्यावा. घरून करून आणायला सांगितलं, की आदल्या रात्री पालक दुकानात पळतात आणि गुण पालकांच्या खरेदीला मिळतात.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी नियम साधा ठेवावा: सांगाडा बांबूचा किंवा वेताचा, वर कागद किंवा कापड, प्लास्टिक असेल तर प्रवेश बाद. परीक्षकांनी मुलाला एक गाठ समोर मारून दाखवायला सांगावी, म्हणजे कंदील कोणाचा ते लगेच कळतं.

स्टेशनरीच्या दुकानदारांनी पतंगाचा कागद संक्रांतीपुरता न ठेवता आता मागवावा आणि काउंटरवर कामट्यांची जुडी ठेवावी. मुलं ती पाहून विचारतील, आणि विचारलं की निम्मं काम झालंच.

ज्यांना खरोखरच बांधणं शक्य नाही, त्यांनी विकत घ्यावा, पण हाताने केलेला. माहीमची कंदील गल्ली आहे, दादरच्या फुटपाथवर सुट्टीत कंदील विकणारी कॉलेजची मुलं आहेत, बचत गटांच्या बायका आहेत. त्यांनी पावसाळ्यापासून खपून केलेल्या कंदिलाची किंमत ऐकून “एवढा?” असं म्हणू नका. ज्या माणसाने तो बांधला, त्याला तो कसा बांधला ते विचारा. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

आणि आजी-आजोबांनो, तुमच्याशी शेवटी आणि मोकळेपणाने बोलतो. “आता कोणाला हवंय हे,” असं म्हणून बाजूला बसू नका. कोणी बोलावलं नाही तरी खुर्ची घेऊन खाली या. फक्त एक पथ्य पाळा: पोराची गाठ सुटली तर स्वतः मारून देऊ नका, त्यालाच पुन्हा मारायला सांगा. तुमच्या काळचा कंदील किती मोठा होता, ते गाठ बसल्यावर सांगा.

किल्ले अजून अंगणात होतात, रांगोळीला अजून माणसं आहेत, पणत्या अजून कुंभाराकडून येतात. फराळाचा घाटही घरोघर टिकून आहे. यांत सगळ्यात आधी विकतचा झाला तो कंदील, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

तेव्हा आज रात्री जेवायच्या आधी दोन फोन करा. एक तुमच्या ओळखीच्या त्या माणसाला, ज्याला कंदील बांधता येतो. त्याच्याकडून दोन संध्याकाळी मागून घ्या. दुसरा बुरुडाला, कामट्यांसाठी. मग हे पत्रक जिन्यातल्या फलकावर लावा, खाली “कंदिलाला कोण कोण येणार?” असं लिहा आणि यादीत पहिलं नाव स्वतःचं घाला.